मऊ काच

औषधात आणि माणसात एक मूलभूत फरक आहे. औषधाला आपली शेवटची तारीख ठाऊक असते आणि ती अंगावर छापून घेऊन ते चारचौघांत बिनदिक्कत वावरतं. माणूस या बाबतीत अजून बराच मागासलेला आहे. त्यामुळे माणसांचं नियोजन कुणालाच धड जमत नाही. औषधांचं मात्र, योग्य मनुष्य लाभल्यास, फार सुंदर जमतं.

त्या रुग्णालयाच्या तळघरातल्या औषध भांडाराला असा मनुष्य लाभला होता. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळे त्यांना तारीखराव म्हणत. ते भांडारपाल झाल्यापासून अकरा वर्षांत भांडारातून दोन लाख एकतीस हजार चारशे सहा बाटल्या वर गेल्या आणि त्यांतली एकही मुदत संपून फेकावी लागली नाही. (पाच फुटल्या. पण फुटणं ही वेगळी नोंदवही आहे.) भिंतीवर ‘शून्य नासाडी’ची अकरा प्रमाणपत्रं ओळीने टांगलेली होती आणि बाराव्यासाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

या यशाचं रहस्य दोन शब्दांचं होतं: जुनं आधी. भांडारात आलेल्या प्रत्येक बाटलीला ठिपका लागे. मुदत भरपूर असेल तर हिरवा, अर्धी सरली की पिवळा, शेवटचे तीन महिने उरले की लाल. लाल ठिपक्याची बाटली संपेपर्यंत पिवळीला हात लावायचा नाही, पिवळी संपेपर्यंत हिरवीकडे बघायचंसुद्धा नाही. नियम इतका सोपा होता की त्यावर विचार करण्याची गरज अकरा वर्षांत कुणालाच पडली नव्हती. चांगल्या नियमाची खूण ती हीच.

तारीखराव हा नियम घरीही पाळत. फ्रीजमध्ये कालचा ब्रेड असताना आजचा उघडायचा नाही. आजचा ब्रेड उद्या कालचा होई, मग त्याची पाळी येई. अशा रीतीने त्या घराने अकरा वर्षांत रोज ताजा ब्रेड आणला होता आणि एकदाही खाल्ला नव्हता. वर्तमानपत्राचंही तेच. एकदा तापाने चार दिवस वाचायचं राहिलं, तेव्हापासून तारीखराव जगापेक्षा चार दिवस मागे होते. त्यांना त्याचा त्रास नव्हता. उलट बहुतेक बातम्या त्यांच्यापर्यंत येईस्तोवर खोट्या ठरलेल्या असत आणि त्यांचा मनस्ताप वाचे.

त्यांच्या पत्नी त्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर होत्या. शिक्षणाने फार्मासिस्ट, कामाने मिश्रणवाल्या. अपुऱ्या दिवसांची जी बाळं काचेच्या पेटीत ठेवलेली असत, त्यांचं जेवण त्या बनवत. या बाळांचं पोट अजून कामावर रुजू झालेलं नसतं, म्हणून त्यांचं जेवण शिरेतून जातं: पाणी, साखर, प्रथिनं, स्निग्धांश, क्षार आणि हाडांसाठी कॅल्शियम. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात दोन थरांचे मोजे घालून बाई रोज सकाळी अकरा बाळांची अकरा जेवणं थेंबांच्या हिशेबाने मिसळत आणि मग घरी येऊन कालचा ब्रेड खात.

तर त्या वर्षी झालं असं की कॅल्शियमच्या काचेच्या छोट्या बाटल्या मागणीपेक्षा जास्त येऊन पडल्या. (मागणीपत्रावर एक शून्य कुणी वाढवलं याची चौकशी झाली. शून्याला काही किंमत नसते, या निष्कर्षावर ती थांबली.) दीड वर्ष त्या फडताळात शांत बसून होत्या. मग एके दिवशी सगळ्या एकदम लाल झाल्या. सहाशे चाळीस बाटल्या, नव्वद दिवस.

दुसरा कुणी हबकला असता. तारीखरावांनी रुग्णालयाचा नकाशा काढला आणि कोणत्या कक्षाला कॅल्शियम रोज, न चुकता, सुट्टीच्या दिवशीही लागतं ते शोधलं. असा कक्ष एकच होता. त्याच दुपारी परिपत्रक निघालं: लाल ठिपक्याचं कॅल्शियम प्राधान्याने तिसऱ्या मजल्यावरच्या बाळांना द्यावं. त्यात दिलेल्या कारणांतलं एक तर फारच दूरदृष्टीचं होतं. ते असं: ‘या लाभार्थी वर्गाकडून आजवर एकही लेखी तक्रार आलेली नाही.’

अठरा दिवस सगळं सुरळीत चाललं. एकोणिसाव्या दिवशी बाईंचा चष्मा बदलला.

नव्या चष्म्याने त्यांनी बाटलीचं लेबल वाचलं. वरचं मोठं अक्षर सगळेच वाचतात; त्यांनी तळाची ओळ वाचली. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की मुदत संपण्याच्या वेळी या बाटलीत ॲल्युमिनियम जास्तीत जास्त इतकं असू शकेल. बाईंनी कागद घेतला, गुणाकार केला. मग दुसरा कागद घेतला आणि परत केला. दोन्हीचं उत्तर एकच आलं, तेव्हा त्यांनी मोजे काढले.

संध्याकाळी टेबलावर विषय निघाला.

“अहो, तुमच्या लाल बाटल्या मला नकोत.”

“मुदतीत आहेत.”

“मुदतीत आहेत हो. पण काचेतलं ॲल्युमिनियम हळूहळू कॅल्शियममध्ये उतरतं. जितके दिवस बसेल तितकं जास्त. तुम्ही मला शोधून शोधून सगळ्यात जास्त मुरलेली बाटली देताय.”

तारीखरावांनी ब्रेडचा तुकडा सुपात बुडवला. (सुपाशिवाय तो वाकत नसे.) “ॲल्युमिनियमचं काय घेऊन बसलीस? आपलं हे पातेलंही ॲल्युमिनियमचंच आहे. गेली वीस वर्षं खातोय. मला काय झालंय?”

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि तो मुद्दा सोडून दिला. “तुम्ही पोटातून खाता. पोटाच्या दारात पहारा असतो, बहुतेक सगळं बाहेरच्या बाहेर हाकलतो. शिरेला कुठला आलाय पहारा? थेट आत. आणि बाहेर टाकायचं काम किडनीचं, ती या पोरांची अजून नीट सुरूच झालेली नाही. मग ते जाऊन बसतं हाडांत. नाहीतर मेंदूत. दिवसाची मर्यादा किलोमागे पाच मायक्रोग्रॅम आहे. तीन नंबरच्या पेटीतल्या साडेआठशेला किती जातंय माहितीय?”

“किती?”

“एकतीस. त्यातले अठ्ठावीस एकट्या तुमच्या बाटलीतून.”

तारीखराव आकड्यांचा मान राखणारे होते. त्यांनी तो कागद मागून घेतला, तपासला, आणि अखेर त्यांना चूक सापडली. “हे बघ. ‘मुदत संपण्याच्या वेळी’ असं लिहिलंय. माझ्या बाटलीला अजून एकाहत्तर दिवस आहेत.”

“बरं. मग सत्तावीस धरा.”

तारीखरावांनी दुसरा तुकडा सुपात बुडवला.

साडेआठशे हे त्या बाळाचं नाव नव्हतं, ग्रॅममधलं वजन होतं. तिसऱ्या मजल्यावर बाळांना वजनानेच हाक मारायची पद्धत होती आणि वजन वाढलं की बढती मिळाल्यासारखं नाव बदलायचं. साडेआठशे मात्र तीन आठवडे साडेआठशेवरच होता आणि त्याच्या एक्स-रेत हाडं पुसट दिसतायत असं मोठ्या डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या होत्या. तोंडाने दूध पचायला अजून निदान महिना लागणार होता. तोवर सगळी भिस्त शिरेवर, म्हणजे बाईंच्या मिश्रणावर, म्हणजे तळघरातल्या फडताळावर.

बाईंनी नवऱ्याचा नाद सोडला आणि रीतसर टिपण वर पाठवलं. मागणी एकच होती: हेच कॅल्शियम प्लास्टिकच्या बाटलीतही मिळतं, त्यात ॲल्युमिनियम जवळजवळ नसतं, ते मागवावं.

रुग्णालय प्रशासन ढिम्म बसून राहतं असा एक गैरसमज आहे. तो निराधार आहे. टिपण मिळताच तिसऱ्या दिवशी नऊ सदस्यांची ॲल्युमिनियम निर्मूलन समिती नेमली गेली आणि तिने विलक्षण तडफेने कामाला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात उपाहारगृहातली चौतीस पातेली जप्त झाली. दुसऱ्या आठवड्यात कर्मचाऱ्यांचे डबे तपासून चपळाईने साडेसहा किलो चंदेरी कागद हस्तगत करण्यात आला. तीन मजल्यांच्या खिडक्यांच्या चौकटी उपटल्या. वारा मोकळा खेळू लागला. वायरमनची शिडी नेली, तेव्हापासून वरचे दिवे गेले ते गेलेच. आणि कुबड्या ॲल्युमिनियमच्या असतात हे एका सजग सदस्याच्या लक्षात आल्यावर हाडांच्या कक्षातल्या बावीस रुग्णांच्या कुबड्या, हाडांच्या आरोग्याच्या हितासाठी, काढून घेण्यात आल्या. (सोळा जणांनी भिंत धरून चालायला सुरुवात केली. अहवालात याची नोंद ‘पुनर्वसनाला गती’ अशी आहे.)

बाटलीचा विषय समितीने सर्वांत शेवटी घेतला, पण सर्वांत सखोल घेतला. अध्यक्षांनी लाल ठिपक्याची बाटली दिव्यासमोर धरली, टिचकी मारून पाहिली आणि निर्णय दिला: “ही तर काचेची आहे.” बाटली काचेची असल्यामुळे ती समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती. प्लास्टिकच्या बाटल्यांचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वीच रुग्णालय प्लास्टिकमुक्त झालेलं होतं. तसा फलकच दरवाजावर होता. (प्लास्टिकचा. पावसाने खराब होऊ नये म्हणून.)

“पण आत काय लिहिलंय ते वाचलंत का कुणी?” बाईंनी विचारलं.

“वाचलंय ना,” अध्यक्ष म्हणाले. “आम्ही नऊही जणांनी वाचल्याची सही केलीय.”

त्या दिवशी बाईंनी घरी येताच ताजा ब्रेड काढला, कापला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहून खाल्ला.

तारीखरावांना हे लागलं. कुणी भांडलं तर त्यांना चाले. नियम मोडलेला चालत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपण स्वतः वर जायचं आणि लाल बाटल्यांची प्रत्यक्ष मोजणी करायची. अकरा वर्षांत ते तिसऱ्या मजल्यावर कधी गेले नव्हते. बाटल्या वर जातात एवढं त्यांना ठाऊक होतं. कुठे जातात ते बाटल्यांनी परत येऊन कधी सांगितलं नव्हतं.

सिस्टरनी त्यांना चपला काढायला लावल्या, हात दोनदा धुवायला लावले आणि वर गाऊन चढवला. गाऊन मागून बांधायचा असतो हे त्यांना माहीत नसल्यामुळे ते पुढून बांधून, एखाद्या कैदेतल्या राजासारखे आत शिरले. उजवीकडच्या कपाटात बाटल्या होत्या. मोजल्या: चौदा. बरोबर. काम संपलं होतं. पण कपाटाशेजारी तीन नंबरची पेटी होती.

आत हातमोज्याएवढं काहीतरी होतं आणि ते जांभई देत होतं.

तारीखरावांनी सवयीने आधी लेबल शोधलं. पायाला पट्टी होती, तिच्यावर दोन तारखा. एक जन्माची. दुसरी, जन्म ज्या दिवशी व्हायला हवा होता ती. आणि ती तारीख अजून यायची होती. तारीखराव चक्रावले. त्यांची सगळी हयात तारीख उलटून गेलेल्या वस्तूंची भीती बाळगण्यात गेली होती. तारखेच्या आधीच येऊन बसलेला माल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. याला कोणता ठिपका लावायचा? हिरव्याच्याही अलीकडचा रंग त्यांच्या डबीत नव्हता.

आणि या सबंध इमारतीतल्या सगळ्यात नव्या मालाच्या पायात जाणाऱ्या नळीच्या वरच्या टोकाला, इमारतीतली सगळ्यात जुनी बाटली रिती झाली होती. नियमाप्रमाणे. त्यांच्या सहीने.

पेटीच्या पलीकडे स्टुलावर एक तरुण बाई बसली होती. “तुम्हीच का हो खालून औषधं पाठवता?” तिने विचारलं.

“हो.”

“सिस्टर म्हणतात, तुमच्यामुळे याला एक दिवस कमी पडलं नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येतं म्हणे.” ती जरा थांबली. “आभार मानायचे राहिले होते. आम्ही काही लेखी-बिखी देऊ का?”

“नको, नको,” तारीखराव घाईघाईने म्हणाले. “लेखी काही नको.” आणि पुढून बांधलेला गाऊन सोडायचा विसरून तसेच तळघरात उतरले.

त्या दुपारी भांडाराचं दार आतून बंद होतं. तारीखरावांनी नियम पुढ्यात घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते त्यावर विचार करत असल्यामुळे वेळ लागला. बाटली फेकायची नाही, हे तर ठरलेलंच. प्लास्टिक मागवायचं नाही, हे समितीचं. बाळाला एकतीस द्यायचं नाही, हे... हे कुणाचं, याला त्यांच्याकडे परिपत्रक नव्हतं. तरी त्यांनी तो मुद्दा कच्चा धरला नाही.

मग त्यांनी मागणीपत्र काढलं. ‘वस्तू’ या रकान्यात लिहिलं: कॅल्शियम. ‘पात्र’ या रकान्याशी पेन थबकलं. हा मनुष्य आयुष्यात एकदाही खोटी नोंद न केलेला होता. फुटलेल्या पाच बाटल्यांचे तुकडेसुद्धा त्याने मोजून ठेवले होते. पेन दोनदा झटकून त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: ‘काच (मऊ)’.

मग खाली सही केली. वर दोन पेले गार पाणी प्यायले.

आठ दिवसांत मऊ काचेच्या दोनशे बाटल्या आल्या. बाई मिश्रण खोलीत ती पहिली बाटली हातात घेऊन खूप वेळ नुसत्याच दाबत राहिल्या. लेबलाची तळओळ वाचली, गुणाकार केला: बाकीच्या सगळ्यांसकट पावणेचार. पाचाच्या आत. संध्याकाळी त्यांनी कालचा ब्रेड स्वतःच्या पानात घेतला आणि आजचा नवऱ्याला वाढला. तारीखरावांनी तो खाल्ला. ब्रेड मऊ असतो ही माहिती त्यांना नवीन होती.

समितीची तपासणी व्हायची ती झालीच. अध्यक्षांनी नवी बाटली उचलली, दाबली. ती दबली आणि परत फुगली. तारीखराव भिंतीवरच्या बाराव्या खिळ्याकडे बघत उभे राहिले.

“हे काय आहे?”

“काच आहे, साहेब. मऊ.”

अध्यक्षांनी मागणीपत्र पाहिलं. तिथेही तेच लिहिलेलं होतं. लेखी पुराव्यापुढे हाताच्या स्पर्शाला किती महत्त्व द्यायचं हे जबाबदार अधिकाऱ्याला समजतं. त्यांनी बाटली खाली पाडून पाहिली. ती उडी मारून टेबलाखाली गेली.

“फुटत नाही!” अध्यक्ष खूष झाले. “विज्ञान काय पुढे गेलंय, नाही? ती फुटण्याची नोंदवहीसुद्धा बंद करता येईल.” आणि मऊ काचेच्या वापराबद्दल रुग्णालयाला पुरस्कार मिळावा अशी शिफारस त्याच बैठकीत एकमताने झाली. (नऊही सदस्यांनी बाटली वाचल्याची सही केली.)

साडेआठशेला पुढच्याच आठवड्यात बढती मिळून तो नऊशे वीस झाला. मग अकराशे झाला. चौदाशेला त्याने तोंडाने दूध घ्यायला सुरुवात केली आणि नळी निघाली. एक्स-रेत हाडं दिसू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत बदललं म्हणून बरं. ज्या दिवशी त्याच्या पायातल्या पट्टीवरची दुसरी तारीख उजाडली, त्या दिवशी दोन किलो शंभर घरी गेला. त्याची आई जाताना तळघरात डोकावली. तारीखरावांनी बाळाकडे पाहून डबी उघडली, हिरवा ठिपका काढला आणि त्याच्या टोपीला चिकटवला. अकरा वर्षांत भांडाराबाहेर विनानोंद गेलेली तेवढी एकच वस्तू.

राहता राहिला प्रश्न लाल ठिपक्याच्या काचेच्या बाटल्यांचा. चारशे बारा उरल्या होत्या आणि मुदत संपत चालली होती. बारावं प्रमाणपत्र हुकणार, अशी हाडांच्या कक्षातले रुग्णसुद्धा भिंत धरून पैज लावत होते. पण एकदा विचाराची सवय लागलेला माणूस हटत नाही. तारीखरावांनी नियमाला एक पोटकलम जोडलं: जुनं आधी, मात्र मोठ्यांना. ज्याचं वजन भरपूर, किडन्या धडधाकट आणि जो एखाद्या डोसापुरताच आला आहे, अशा माणसाला या बाटलीने काही होत नाही. बाईंनी गुणाकार करून तसं लिहून दिलं. चारशे बाराच्या चारशे बारा बाटल्या मुदतीत गेल्या. खिळ्यावर प्रमाणपत्र लागलं.

यंदा पुन्हा कुणाकडून तरी एक शून्य वाढलं आहे. फडताळ लाल होऊ लागलं आहे आणि भांडार योग्य माणसांच्या शोधात आहे. अटी चारच आहेत. वजन, किडनी आणि डोस या पहिल्या तीन डॉक्टर तपासतात. चौथी अट भांडार स्वतः तपासतं: उमेदवाराने लेबल वाचण्याची सवय नसावी.

तुम्ही ही कथा वाचता वाचता स्वयंपाकघरातली पातेली मनातल्या मनात मोजलीत. साहजिक आहे, समितीनेही तिथूनच सुरुवात केली होती. पण मागच्या वेळी तुम्हाला सलाईन लावलं होतं, तेव्हा डोक्यावर तासन् तास लोंबकळणाऱ्या त्या बाटलीच्या तळाशी काय लिहिलं होतं, आठवतं का?

अभिनंदन. तुमच्या वर्गाकडूनही आजवर एकही लेखी तक्रार आलेली नाही. बाही तेवढी वर सरकवा.